कोर्टाला ताक पाजलं त्या वर्षी

आण्णा, क्लबची स्मरणिका निघणार आहे आणि आपल्या स्पर्धेचा इतिहास त्यात मी लिहायचा असं ठरलंय. ठरवलं त्यांनी, मला नुसतं कळवलं. नवा सेक्रेटरी घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, परदेशातल्या पोरी हितं मातीवर खेळायला यायच्या म्हणत्यात. खरं हाय व्हय?" मी म्हटलं, "खरं हाय की. आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून भाकरी खाऊन गेल्यात." त्याला काही ते पटलेलं दिसलं नाही. बिचाऱ्याचा तरी काय दोष? आता तिथं निळी सिंथेटिक कोर्टं आहेत, चारी बाजूंनी दिवे आहेत, आणि माती म्हणाल तर बूट झाडल्यावर पडते तेवढीच. त्याला दोन पानं हवी आहेत, विजेत्यांची नावं आणि एखादा फोटो. मी कागद घेऊन बसले आणि पहिलाच शब्द 'आण्णा' लिहून गेले. आता आलाय तर राहू दे. सुचेल तसं लिहिते, स्मरणिकेचं नंतर बघू.

स्पर्धा आपल्याकडं आली ती निव्वळ हौसेनं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. क्लबच्या अध्यक्षांची दिल्लीत कुठंतरी ओळख निघाली आणि बायकांची एक आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा कोल्हापूरला मिळाली. जगाच्या टेनिसमधली ती अगदी खालची पायरी. बक्षीस बेताचं, पण जिंकणारीला जागतिक क्रमवारीचे गुण मिळायचे, आणि त्या चार गुणांसाठी पोरी कुठंही जायला तयार असायच्या. तशा आपल्याकडंही यायला तयार झाल्या. अट एकच, कोर्टं मातीची हवीत आणि चांगली हवीत. क्लबाकडं कोर्टं होती, पण पावसाळ्यात त्यांवर गवत माजायचं आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस येऊन चरून जायची. तेव्हा अध्यक्षांना तुमची आठवण झाली. अशा कोर्टावर विटांच्या भुकटीचा थर लागतो, उचगावच्या पुढं आपल्या वीटभट्ट्या होत्या, आणि तुमची मुलगी, म्हणजे मी, त्याच क्लबात खेळत होती. एवढ्या भांडवलावर तुम्ही कोर्ट कमिटीचे प्रमुख झालात. उभ्या जन्मात रॅकेट धरली नव्हती तुम्ही. अध्यक्षांनी भीत भीत विचारलं, जमेल ना आण्णा, तर म्हणालात, "मातीचं मला सांगू नका."

आणि मातीचं तुम्हाला कळायचंच. प्रश्न होता कुठल्या मातीचं. भट्टीची माती तुम्ही तोंडात टाकून ओळखायचात, ते एक. पण तुमचा खरा जीव होता तो तालमीच्या लाल मातीवर. लहानपणापासून त्या हौद्यात, कुस्तीच्या आखाड्यात, लोळलेला माणूस. हौद्यातली माती कुणी नुसती ठेवत नाही हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला ताक पाजायचं, हळद घालायची, तेल, लिंबू घालायचं, खालवर करून मऊ ठेवायची. मग ती अंगाला थंड लागते आणि खरचटलं तरी जखम चिघळत नाही. मातीला खुराक द्यायचा, असं म्हणतात त्याला. पैलवानाच्या आधी मातीनं जेवायचं, असं तुम्ही मला कितीदा सांगितलं असेल. मी तेव्हा नुसती मान हलवायची. ते माझ्यावर शेकेल असं काही वाटलं नव्हतं.

माझं त्या स्पर्धेत काय अडकलं होतं ते तुम्हाला माहीत होतं, तरी लिहिते, कारण ते आठवल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही. क्रमवारीत नसलेल्या एखाद्या स्थानिक खेळाडूला आयोजक मुख्य स्पर्धेत थेट जागा देऊ शकतात. तिला वाइल्ड कार्ड म्हणतात. क्लबनं ते मला दिलं होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, निपाणीच्या स्थळाशी माझं लग्न ठरलं होतं, अक्षता उन्हाळ्यात पडायच्या होत्या. तिकडं कोर्ट नव्हतं. सासरची माणसं भली, पण तंबाखूच्या वखारीच्या घरात सुनेनं स्कर्ट घालून टेनिस खेळावं इतकी काही भली नव्हती, तेव्हा तरी. म्हणजे आठव्या वर्षापासून जे खेळले त्याची ही एकच खरी मॅच होती. पुढची नव्हतीच. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी जाग यायची ती त्याच विचारानं.

स्पर्धा रविवारी सुरू व्हायची होती. त्या आठवड्यात क्लबच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही तालमीतले चार जुने सोबती गोळा केलेत आणि टेम्पोत कॅन भरून कोर्टावर गेलात. अव्वाला नि मला, आम्हा मायलेकींना, घरी काही पत्ता नाही. राधानगरीकडच्या मावशीच्या घरून ताक आलं होतं, बाजारातून हळदीची पोती, तेलाचे डबे, लिंबं. चारी कोर्टांना तुम्ही पोटभर खुराक दिलात. घरी आलात तेव्हा हात कोपरापर्यंत पिवळे आणि चेहऱ्यावर असं समाधान, की अव्वानं विचारलं, "कुणाची हळद होती आज?" तुम्ही हसलात आणि सगळं सांगितलंत. अव्वा परातीत पीठ मळत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "एवढ्या ताकात गल्लीजेवणाची कढी झाली असती." मला मात्र हसू आलं नाही. टेनिसच्या कोर्टाची माती घट्ट लागते, चेंडू तिच्यावर उसळला पाहिजे, आणि तुम्ही तिला मऊ करून आला होता.

दोन दिवसांनी परदेशातून आलेल्या सुपरवायझर बाई कोर्ट तपासायला आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, डोक्याला टोपी. स्पर्धा भरवायची की नाही हे त्यांच्या एका सहीवर होतं. दुभाषी म्हणून मला उभं केलं होतं. बाईंनी चेंडू खाली टाकला, तो उसळायच्या ऐवजी बसला. त्यांनी तो उचलला, पिवळ्या चेंडूवर आणखी पिवळा डाग पडला होता. मग त्या गुडघ्यावर बसल्या, चिमूटभर माती नाकाशी नेली आणि माझ्याकडं बघत राहिल्या. तेवढ्यात गल्लीतलं एक कुत्रं तारेखालून आत आलं आणि शांतपणे बेसलाइन चाटायला लागलं. बाईंनी विचारलं, हे काय आहे? तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "सांग पावणीबाईंना, मातीला खुराक दिलाय म्हणावं. आपल्याकडं पद्धत हाय." मी सांगितलं. खुराकाला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून जेवण म्हटलं. बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाल्या, शनिवारी सकाळी मी परत बघते. असंच असेल तर स्पर्धा दुसऱ्या शहरात सिमेंटच्या कोर्टावर हलवावी लागेल, आणि वाइल्ड कार्डं मग तिथले लोक त्यांच्या मुलींना देतील. हे शेवटचं वाक्य मी तुम्हाला मराठीत दोनदा सांगितलं.

येताना तुमच्या स्कूटरवर मी मागं बसले होते. रंकाळ्यापाशी विचारलं, "तेल-ताक एकवेळ समजलं, आण्णा, पण पोतंभर हळद कशाला?" तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. पुढंच बघत बोललात, "तू पडतीस. लहानपणापास्नं बघतोय, बॉलच्या मागं पळाया लागलीस की तुला काय दिसत न्हाय. गुडघं फोडून घेतीस. आता दोन महिन्यांत लगीन. म्हटलं पडली तर मातीतच औषध असावं." आणि परत स्कूटर सुरू केलीत. मी तुमच्या पाठीकडं बघत राहिले. इतका राग आला होता, आणि त्याच वेळी रडू येत होतं, की तुमच्या सदऱ्याला धरून बसायच्या ऐवजी मी स्टेपनीला धरलं. आज हे लिहितानाही माझं तसंच झालंय, फक्त रागाचा भाग आता उरलेला नाही.

पण तुम्ही घरी बसणाऱ्यातले नव्हता. दुपारी कोर्टावर तालमीतले पन्नासएक पैलवान फावडी घेऊन हजर. वरचा थर खरवडून काढला त्यांनी, आणि काढताना हळहळत होते, "आण्णा, असली माती वाया जायाची न्हाय," म्हणून पाट्या भरून तालमीतच घेऊन गेले. वर्षभर त्या तालमीतली माती गावात सगळ्यात देखणी होती म्हणे. आता नवा थर घालायला भुकटी हवी, ती चार कोर्टांना पुरेल एवढी आणि दीड दिवसात. भट्टीवर जास्त भाजलेल्या विटांचे ढीग होते, पण हातानं कुटून कधी पुरं व्हायचं? तुम्ही गेलात ते थेट गल्लीतल्या डंकवाल्या काकांकडं. चटणी, म्हणजे वर्षाचं तिखट, कुटायचा हंगाम अजून लागला नव्हता, डंकाची लोखंडी मुसळं नुसती लोंबकळत होती. मी तुमच्याबरोबर होते. काका ऐकून खुर्चीतून उठलेच. "आण्णा, ह्या डंकात मिरची कुटत्यात. विटा?" तुम्ही म्हणालात, "पोरीची मॅच हाय." काका म्हणाले, "ती बरी खेळंल. पण उद्या बायका येतील, चटणीत कचकच लागली म्हणून माझ्या नावानं ओरडतील, त्यांना काय सांगू?" तुम्ही म्हणालात, "सांगा, इंटरन्याशनल चटणी हाय." काका तरीही नाहीच म्हणत होते. मग माझ्याकडं बघितलं, खिशातनं किल्ली काढली आणि म्हणाले, "धुऊन द्यायचा बरं का. घासून."

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गडबडीचे आणि खरं सांगू का, सगळ्यात सुखाचे. पैलवान घणानं विटा फोडतायत, टेम्पो ये-जा करतायत, डंकाचा धडधडाट गल्लीच्या टोकाला ऐकू येतोय. क्लबातल्या बायका, ज्या एरवी सरबत पिऊन ब्रिज खेळायच्या, त्या नाकाला पदर लावून चाळण्या हलवतायत. अव्वा त्यांच्यात बसलीये. तिचे पांढरे झालेले केस लाल झालेत आणि ती एका वकिलीणबाईंना शिकवतेय, "मनगट हलवा, खांदा न्हाय, न्हाईतर रात्री दुखंल." तुम्ही रोलरला दोन्ही हात लावून पुढंमागं जाताय, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि मधून मधून ओरडताय की पाणी कमी मारा, माती आहे, म्हैस धुताय का? मी पांढऱ्या पट्ट्यांना खिळे ठोकत होते. माझं वाइल्ड कार्ड जाणार की राहणार हे अजून ठरायचं होतं आणि तरी मी पट्टी सरळ आलीय का तेवढंच बघत होते. एवढी माणसं माझ्या एका मॅचसाठी विटा कुटत होती. मॅच झाली नसती तरी मला ते पुरलं असतं, असं मी तेव्हा म्हटलं नसतं, पण आता म्हणते.

शनिवारी बाई आल्या. चेंडू टाकला, छान उसळला. दुसऱ्या कोर्टावर टाकला, तोही उसळला. त्यांचं समाधान झालेलं दिसत होतं, पण एकदा पोळलेल्या होत्या, म्हणून परत गुडघ्यावर बसून चिमूट नाकाशी नेली. आणि शिंकायला लागल्या. थांबेनात. डंक कितीही झटकला तरी त्याच्या फटीत गेल्या हंगामाची मिरची राहिली होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी डोळे पुसले आणि मला विचारलं, आज काय जेवायला घातलंत हिला? मी खरं ते सांगितलं, चटणीचं यंत्र, विटा, सगळं. बाई तिथंच मातीवर बसून हसल्या, पोट धरून. आणि सही केली.

पुढची वर्षं तुम्ही पाहिलीच, त्यामुळं ती तुम्हाला सांगत नाही. बाई दर वर्षी यायच्या आणि आल्या आल्या तुम्हाला विचारायच्या, या वर्षी काय खुराक? तुम्हाला तेवढं इंग्रजी कळायचं, 'खुराक' हा शब्द बाईंनी पाठच केला होता. तुम्ही म्हणायचात, "नुसतं पाणी, बाई. उपास चाललाय तिचा." अव्वाच्या स्वयंपाकघरात पोरी जेवायला यायच्या, कुणी झेक, कुणी जपानी, कुणी थायलंडची. हरलेली पोर हमखास जास्त जेवते, असा अव्वाचा हिशेब होता. मी निपाणीहून त्या आठवड्याला माहेरी यायची, लाइनवर उभी राहून चेंडू आत की बाहेर सांगायची. माती बरी असायची त्याला. चेंडू पडला की खूण उमटते, भांडण झालं तर खाली उतरून बघता येतं.

तुम्ही गेल्यानंतरचं मात्र सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. स्पर्धा लगेच बंद पडली नाही. तुमच्या माघारी चारपाच वर्षं निघाली. पैलवानांनीच रोलर ओढला. मग नवं शतक लागलं आणि हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. पैसे देणाऱ्या कारखान्यानं क्रिकेटकडं तोंड वळवलं. देशातल्या बाकीच्या स्पर्धा सिमेंटवर गेल्या, एका आठवड्यासाठी मातीवर यायला पोरी तयार होईनात. बाई निवृत्त झाल्या. एका वर्षी पत्र आलं की यंदाच्या वेळापत्रकात तुमचं शहर नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कुणी बघितलं नाही. कुणी वाईट वागलं म्हणून बंद पडली असं झालं नाही, आण्णा, कुणाशी भांडायला जाऊ नका. मला वाटलं होतं मला फार वाईट वाटेल. थोडं वाटलं. पण घर आता परत कोल्हापुरात आहे, सकाळी त्याच निळ्या कोर्टावर मी पोरांना शिकवते, सासूबाईच शेवटी म्हणाल्या होत्या की घरात बसून कुढण्यापेक्षा जा आणि खेळ. पोरं चांगली आहेत. गुडघे फोडून घेतात, मी त्यांच्यावर ओरडते. बरं चाललंय माझं.

स्मरणिकेत माझ्या मॅचविषयी एक ओळ येईल, यजमान शहराची खेळाडू पहिल्या फेरीत पराभूत. खरंच आहे ते. समोर एक खांदे रुंद असलेली पूर्व युरोपातली पोरगी होती आणि पहिला सेट तिनं चहा थंड व्हायच्या आत घेतला. दुसरा मात्र लांबला. मी चेंडू उंच उंच परत टाकत राहिले, ती कंटाळत राहिली, चुकत राहिली. सगळी तालीम तारेच्या पलीकडं उभी होती, शिट्ट्या मारत होती, पंच विनवत होते की शांत राहा. तो सेटही मी हरलेच, पण ऊन उतरेपर्यंत खेळले. आणि तुम्ही पुढं वर्षानुवर्षं, तालमीत, भट्टीवर, जोतिबाच्या पायऱ्यांवर भेटलेल्या पावण्यांना, माझ्या सासऱ्यांनासुद्धा, एकच सांगत राहिलात, "पोरगी माझी शेवटच्या चेंडूपर्यंत जिंकायच्याच इराद्यानं खेळली." मी समोर असले तरी गप्प बसायची.

हे पत्र तुम्हाला धाडायचं तर कुठल्या पत्त्यावर? आणि स्मरणिकेला तर मी हे देणार नाहीच, त्यांना दोन पानं वेगळी लिहून देईन. म्हणून आता सांगून टाकते. पहिला सेट संपला तेव्हाच मला कळलं होतं की ही पोरगी आपल्याला भारी आहे, आणि खुर्चीत बसून पाणी पिताना मी जिंकायचा विचार सोडून दिला होता. मग समोर बघितलं तर तुम्ही पायरीवर बसला होता. चपला काढलेल्या, दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवलेले. भट्टी नाही, टेम्पो नाही, रोलर नाही. चेंडू इकडं आला की तुमची मान इकडं, तिकडं गेला की तिकडं. तुम्हाला असं स्वस्थ बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मॅच संपली असती तर तुम्ही उठला असतात आणि लगेच काहीतरी उचलायला गेला असतात. म्हणून मी चेंडू परत टाकत होते.